कुंडीच्या बुडाशी काय चाललंय?

बाल्कनीतलं झाड मेलं की दोष उन्हाला दिला जातो, नाहीतर ‘आमच्या हाताला गुण नाही’ असं म्हणून विषय संपतो. मेलेलं झाड उपटून मुळं पाहिली तर प्रकार वेगळाच निघतो. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत झालेली असतात, चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. मातीला गटाराचा वास. हे झाड तहानेनं मेलेलं नसतं, बुडून मेलेलं असतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. जमिनीत जास्तीचं पाणी खोल ओढलं जातं. कुंडीला बूड असतं, तिथे ते अडतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटची तीन-चार फूट रुंदीची बाल्कनी धरून, हे अडणं टाळायचं कसं, ते पुढे मांडलं आहे. पण सुरुवात उन्हापासून करावी लागते, कारण किती ऊन येतं त्यावर किती पाणी खपणार हे ठरतं.

खडू घ्या, ऊन मोजा

रोपं आणण्याआधी एक दिवस यासाठी काढा. सकाळी ८ ते संध्याकाळी ५, दर तासाला उन्हाची कड जिथे पोचते तिथे फरशीवर खडूची रेघ मारा. शेजारी एक स्टूल ठेवून त्यावरही बघा, कारण झाडाची पानं फरशीवर नसतात. दोन्हींत बराच फरक येतो आणि तो कठड्यामुळे येतो.

पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. दक्षिणमुखी बाल्कनीत हे तिरपं ऊन छान आत येतं, छत २.८ मीटर उंच असेल तर कडेपासून अडीच मीटर आतपर्यंत. पण कठडा १ मीटरचा आणि भरीव असेल तर त्याची सावली ९० सेंटिमीटर पडते. म्हणजे चार फुटी बाल्कनीत कठड्यालगतची तीन फूट फरशी दुपारच्या उन्हाला मुकते, आणि कुंड्या हमखास तिथेच मांडलेल्या असतात. ६० सेंटिमीटर उंचीचं लोखंडी स्टँड आणलं की एवढं एक काम होऊन जातं. कठडा सळयांचा असेल तर प्रश्नच नाही.

दिशेबद्दलचा एक गैरसमज परदेशी व्हिडिओंतून आलेला आहे: दक्षिणेची बाल्कनी म्हणजे वर्षभर ऊन. युरोपात ते खरं आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, वर्षातून दोनदा येतो. पुण्या-मुंबईत एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैच्या अखेरीस. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य दिवसभर किंचित उत्तरेकडेच राहतो. तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही, आणि वर्षभर अंधारी वाटणाऱ्या उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ कवडसे पडतात. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत टोमॅटोचं रोप ऑक्टोबरमध्ये लावायचं, एप्रिलमध्ये नाही. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात सोपी: तीन-चार तास कोवळं ऊन, दुपारी आराम. पश्चिमेची सगळ्यात अवघड. ऊन तेवढेच तास, पण तापलेली भिंत रात्री नऊपर्यंत कुंडीला शेकत बसते. एप्रिल-मेमध्ये तिथे ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावल्याशिवाय काही टिकत नाही.

दिवसाला ६ तास थेट ऊन असेल तर टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, मोगरा, गुलाब, लिंबू यांच्या वाटेला जा. ४-५ तासांत कढीपत्ता, तुळस, गवती चहा, जास्वंद जगतात. जास्वंदीला फुलं थोडी कमी येतील इतकंच. ३ तासांत मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना, अळू होतात, कारण ज्याचं पान खायचं त्याला फळाइतकं ऊन लागत नाही. त्याहून कमी असेल तर नागवेल, अबोली, नेचे, मनीप्लांट. अंधाऱ्या बाल्कनीत टोमॅटो लावून त्याला खतावर खत घालणं म्हणजे उपाशी माणसाला चष्मा देणं. कमी पडतंय ते ऊन, आणि ते पिशवीत मिळत नाही.

शेवंतीची गंमत वेगळी. तिला कळ्या धरायला लांब रात्र लागते. बाल्कनीतली ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत जळत असेल तर झाड हिरवंगार राहतं आणि फुलत मात्र नाही. खत बदलण्याआधी दिवा बंद करून बघा.

वजन

घराच्या बाल्कनीचा आराखडा करताना भारतीय मानक आयएस ८७५ दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भार धरतं. माणसं, झोपाळा, वॉशिंग मशीन, सगळं त्यात आलं. १२ इंची कुंडीत सुमारे १३ लिटर माल मावतो. नुसती बागेची माती भरून भिजवली तर ती एकटी २०-२२ किलो भरते. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) घातलेलं हलकं मिश्रण १३ किलोच्या आसपास. कठड्यालगत अशा १२ कुंड्या ओळीनं लावल्या तर फरक शंभर किलोंचा पडतो. बाहेर काढलेला स्लॅब असेल तर त्याच्या टोकाला ठेवलेलं वजन भिंतीलगतच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण देतं. त्यामुळे लिंबासारखी ४०-५० लिटरची धुडं घराच्या भिंतीशी किंवा बाजूच्या भिंतींच्या कोपऱ्यात, आणि हलक्या ग्रोबॅग बाहेरच्या बाजूला. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या खालून सळया दिसत असतील, तर आधी इंजिनिअर आणि मग कुंड्या.

कठड्याच्या वर कुंडी ठेवू नका. तारेनं बांधली तरी नको. लटकवायचीच असेल तर आतल्या बाजूला लटकवा.

भोकं, विटांचे तुकडे आणि एक स्पंज

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालायची, म्हणजे निचरा चांगला होतो, असं प्रत्येक माळी सांगतो. इथेच घोडं पेंड खातं. बारीक माती जाड खडीवर टेकलेली असते तिथे पाणी सहजासहजी खाली उतरत नाही. मातीच्या बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात, आणि ती पूर्ण भिजेपर्यंत पाणी खडीच्या मोठ्या पोकळीत पडत नाही. कुंडीच्या बुडाशी चिंब मातीचा जो थर राहायचाच, तो खडीच्या वर सरकतो. जागा खडीनं खाल्ली, दलदल मुळांच्या आणखी जवळ आली.

पटत नसेल तर स्वयंपाकघरातला स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज लांबीकडून उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीचंही तसंच आहे. सारख्याच मातीत उंच कुंडी लवकर निथळते आणि पसरट ट्रे चिंब राहतो. मेथी-कोथिंबिरीच्या ६ इंची ट्रेमध्ये म्हणून सगळ्यात हलकं मिश्रण भरायचं असतं, आणि लोक नेमकी उरलेली माती तिथे संपवतात.

मग तळाशी काय घालायचं? भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या जाळीचा एक तुकडा, किंवा उपडी खापरी. बस. भोकं १०-१२ मिलिमीटरची, १२ इंची कुंडीला पाच-सहा. रंगाच्या २० लिटरच्या डब्याचं बूड सपाट असतं, फरशीला टेकलं की खालची भोकं बंद होतात; अशा डब्याला बुडापासून एक सेंटिमीटर वर, बाजूनेही चार भोकं पाडा. प्रत्येक कुंडी दोन विटांवर किंवा स्टँडवर, फरशीपासून निदान ५ सेंटिमीटर उंच. खालून वारा खेळला की भोकं मोकळी राहतात, फरशीवर डाग पडत नाहीत, आणि ओल झिरपल्याची खालच्या मजल्यावरून येणारी तक्रारही टळते.

कुंडी कशाची, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. मातीची कुंडी अंगातून पाणी उडवते, मुळं थंड ठेवते, म्हणून पाणी जास्त घालणाऱ्या हातांना ती सोसते. प्लास्टिक ओल धरतं. सिमेंट जड. कापडी पिशवीत मुळं कडेला हवेशी आली की टोकाला थांबून आतून फाटे फोडतात, गुंडाळी होत नाही. पण ती उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी मागते. एचडीपीई ग्रोबॅग (जाड प्लास्टिकची पिशवी) घ्यायची तर २०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या वरची, नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या दशा सुटतात.

मापं साधारण अशी: मिरची १०-१२ लिटर, टोमॅटो आणि वांगी १५-२० लिटर, काकडी-दोडक्याचा वेल २५-३० लिटर, लिंबू ४० लिटरच्या पुढे. आलं-हळदीला खोलीपेक्षा रुंदी हवी. आणि लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत नको. कढीपत्त्याचं वीतभर रोप १८ इंची कुंडीत लावलं की त्याची मुळं पोचतात चार इंच, बाकीची माती आठ-आठ दिवस ओली राहून आंबते. त्याला आधी ६ इंची कुंडी, मग १०, मग १४. दर वेळी कुंडीच्या कडेनं पांढरी मुळं दिसायला लागली की बदला.

काय भरायचं

२० लिटरची बादली माप धरा. लाल किंवा पोयट्याची माती २ बादल्या, भिजवून फुलवलेलं कोकोपीट २, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत २, आणि भाताचं तूस किंवा पर्लाइट (भाजून फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) १. हे झाले १४० लिटर. कालवून आणि बसून साधारण १२० भरतात, १२ इंचाच्या नऊ कुंड्या होतात. दर १० लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा, ओलसर करून ८-१० दिवस सावलीत झाकून ठेवा आणि मगच रोपं लावा. पेंड कुजताना तापते. ताज्या मिश्रणात लावलेल्या रोपांची कोवळी मुळं त्यात भाजतात.

मूठभर मिश्रण दाबून बघा. लाडू वळला आणि अंगठ्यानं ढकलल्यावर फुटला तर जमलं. चिकट गोळा राहिला तर तूस वाढवा, वळलाच नाही तर खत किंवा माती. भरलेल्या कुंडीत एक लिटर पाणी ओता. मिनिट-दोन मिनिटांत खालून यायला हवं. पाच मिनिटं वर तळं साचत असेल तर लावणी पुढे ढकला.

काळी माती कुंडीत शक्यतो नकोच. भिजली की फुगते, वाळली की आक्रसून कुंडीची कड सोडते, आणि पुढचं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. विदर्भ-मराठवाड्यात दुसरी मिळत नसेल तर तिचं प्रमाण एक बादलीवर आणा आणि तूस दोन बादल्या करा. कोकणपट्टीत पावसाळ्याच्या तोंडावर भरत असाल तरी माती कमीच.

कोकोपीटच्या ५ किलोच्या विटेला २०-२५ लिटर पाणी लागतं आणि फुलून ती ७० लिटरच्या आसपास होते. नारळाच्या सोडणात मुळातच मीठ असतं, त्यातून काही माल खाऱ्या पाण्यात भिजवलेला असतो. न धुता वापरला की रोपांच्या पानांच्या कडा आठवड्यात करपतात. कापडात घालून दोन-तीन पाण्यांतून पिळून काढा; शेवटच्या पाण्याचा चहाचा रंग फिका झाला पाहिजे.

मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडानं भरलेल्या पिशव्यांत आणि पिंपांत गच्चीवर भाज्या-फळं घेऊन दाखवली. हे हलकं, फुकट आणि कुठल्याही रसवंतीवर मिळणारं भरण बाल्कनीलाही चालतं, दोन अटींवर. चिपाड कडकडीत वाळलेलं हवं, नाहीतर उरलेल्या साखरेवर मुंग्या तुटून पडतात. आणि ते कुजताना नत्र ओढून घेतं, म्हणून पहिले दोन महिने शेणखत किंवा पेंड जास्त द्यावी लागते. भरलेली पिशवी निम्म्यावर बसली तर घाबरू नका, वरून मिश्रण घाला.

घरचं कंपोस्ट अर्धवट झालेलं असेल तर कुंडीत घालू नका. बादलीत हात घालून बघा: कोमट लागलं, आंबूस वास आला, भाजीचं देठ ओळखू आलं, तर आणखी महिनाभर थांबा. तयार खताला पहिल्या पावसाचा वास येतो.

पाणी किती, यापेक्षा केव्हा

‘रोज एक तांब्या’ हा हिशेब चुकीचा आहे, कारण एका तांब्यानं वरची चार बोटं भिजतात आणि खालची मुळं कोरडी राहतात किंवा, मागचं पाणी शिल्लक असेल तर, कुजतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. तिथे ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर खालून थेंब पडेपर्यंत द्या, आणि मग पुन्हा बोट कोरडं लागेपर्यंत थांबा. १२ इंची कुंडीतलं भरलेलं मिरचीचं झाड एप्रिलच्या उन्हात दिवसाला एक ते दीड लिटर पितं. तेच जानेवारीत तीन दिवसांनी. आठवडाभर कुंडी किंचित तिरकी करून वजनाचा अंदाज घेत राहिलात की बोटाचीही गरज उरत नाही.

दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर झाडाला फक्त ऊन लागलं होतं. सकाळीही मान टाकलेली असेल आणि माती ओली असेल, तर मुळं कुजायला लागली आहेत. पाणी घातलंत की उरलंसुरलंही जाईल. कुंडी सावलीत न्या, पाणी बंद, माती काडीनं भोसकून हवा खेळती करा, झाडाची एक तृतीयांश पानं उतरवा. वाचलं तर दहा-बारा दिवसांत नवा फुटवा दिसतो.

उलट प्रकारही होतो. गावाहून परत आल्यावर कुंडी ठणठणीत वाळलेली असते. वरून घातलेलं पाणी कडेनं धावत खाली येतं आणि मातीचा गड्डा आत कोरडाच. अशी कुंडी टबात बुडवून २०-३० मिनिटं ठेवा, बुडबुडे थांबले की काढून निथळा.

बोअरचं जड पाणी असेल तर मातीवर पांढरी पापडी धरते आणि मोगरा, गुलाब, जास्वंद, लिंबू यांच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. मातीत लोह असतंही, पण विम्लधर्मी (अल्कधर्मी) पाण्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. चिलेटेड लोहाचं (मुळांना घेता येईल अशा रूपातल्या लोहाचं) पाणी दिलं तर नवी पानं हिरवी येतात, आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं पाणी सोडून साचलेला खार धुऊन काढला तर पापडी आटोक्यात राहते. आरओचं टाकाऊ पाणी रोज झाडांना घालणं ही काटकसर महागात पडते, त्यात क्षार गोळा झालेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. एसीचं गळतं पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त, बोअरच्या पाण्यात मिसळायला उत्तम.

सुट्टीवर जायचं असेल तर ठिबकचा टायमर लावा. ताशी २ लिटरचा ड्रिपर १५ मिनिटं चालला की अर्धा लिटर पाणी पडतं; १२ इंची कुंडीला उन्हाळ्यात असं सकाळ-संध्याकाळ पुरतं. निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी लावा. गळती आणि चोंदलेला ड्रिपर तेव्हाच कळतो. बाटलीत सुती दोरीची वात हा उपाय चार दिवसांपुरता ठीक आहे.

कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासा. डेंग्यूचा एडिस डास अंड्यापासून पंखांपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवसांत पोचतो, आणि अंडी ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात; नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

खत, आणि ज्याला खत समजतात ते

लावणीनंतर महिनाभर काही देऊ नका, मिश्रणात आहे ते पुरतं. मग दर तीन आठवड्यांनी १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि २० ग्रॅम निंबोळी पेंड, वरची माती हलवून. फळभाज्यांना एवढ्यावर भागत नाही: वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत (आकडे क्रमानं नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) दर लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीत. कळ्या दिसल्या की ०:५२:३४ किंवा १३:०:४५ याच मापानं. पानांची टोकं करपली तर दोन हप्ते थांबा. अमृतजल करणाऱ्यांसाठी: १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळून चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून वापरा. वासाबद्दल शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

शेंगदाण्याची पेंड चांगली आहे, पण ती घुशी-उंदरांनाही तितकीच आवडते. भिजवून, गाळून, दहापट पाण्यात. केळीच्या सालीचं पाणी आणि कांद्याच्या फोलपटाचा काढा यांनी झाड मरत नाही, यापलीकडे त्यांचं कौतुक करवत नाही. अंड्याच्या टरफलांचं तर आणखीच. टोमॅटोच्या बुडाला काळा खोलगट डाग पडला की लोक टरफलं कुटून घालतात. ती विरघळायला वर्षं जातात, आणि दोष बहुधा कॅल्शियमच्या साठ्याचा नसून पाण्याच्या लहरीपणाचा असतो: दोन दिवस कोरडं, मग एकदम भरपूर. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं. पाणी थांबलं की तेही थांबतं. ओल सारखी ठेवा, पुढची फळं स्वच्छ येतात.

कीड

पान उलटं करून बघायची सवय लावली की अर्धी कीड सुरुवातीलाच सापडते. मिरचीची पानं होडीसारखी वर वळली तर फुलकिडे, खाली वळून लांबट झाली तर कोळी (डोळ्याला जेमतेम दिसणारी कीड, घरातला कोळी नव्हे). दोघांना औषध वेगळं. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे आणि नीमतेल. कोळ्याला पाण्यात विरघळणारं गंधक दर लिटरला २ ग्रॅम, पण पारा ३५ अंशांच्या पुढे असेल तेव्हा नाही, पानं जळतात. पानांवर पिवळी-हिरवी चकती उमटून झाड खुजं राहिलं तर तो विषाणू. औषध नाही, झाड उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नव्हे.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मुंग्या पोसतात. मुंग्या तशाच ठेवून नुसती फवारणी केली तर तो पंधरा दिवसांत परत येतो. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं झाड धुवा, उरलेले ढेकूण स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, मग नीमतेल ५ मिलि आणि पातळ साबण १-२ मिलि एकत्र फेटून, त्यात थोडं थोडं करून एक लिटर कोमट पाणी. फवारणी संध्याकाळी, पाच-सहा दिवसांच्या अंतरानं तीनदा. एकदाच फवारून ‘नीमचा काही उपयोग होत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. अंडी तोवर फुटलेलीच नसतात.

कबुतरांवर एकच खात्रीचा इलाज, जाळी. तोवर रिकाम्या कुंडीत आइस्क्रीमच्या काड्या दाट उभ्या खोचून ठेवा, बसायला जागा मिळत नाही.

ऋतू

कोथिंबीर, मेथी, पालक, शेपू, मुळा, टोमॅटो यांचं राज्य ऑक्टोबर ते फेब्रुवारी. धन्याचा प्रत्येक दाणा म्हणजे दोन बिया. चपलेनं हलका रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, आठ-बारा दिवसांत उगवतो. एप्रिलमध्ये पेरलेली कोथिंबीर उष्म्यानं पान धरण्याआधीच फुलावर येते, तिच्यावर राग काढू नका. उन्हाळ्यात माठ, गवार, भेंडी. टोमॅटोची फुलं दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असेल तर गळतात, तेव्हा फवारण्या करण्यापेक्षा झाड सावलीत ढकला.

पावसाळ्यात अळू, मायाळू, चवळी, काकडी, दोडका, कारलं. सातव्या मजल्यावर मधमाश्या क्वचितच येतात, त्यामुळे वेलाला फुलं भरपूर आणि फळ शून्य. मादी फुलाच्या मागे इवलं फळ असतं. नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवा. कारल्याची फुलं सकाळी लवकर, दोडक्याची संध्याकाळी पाचनंतर उमलतात, हे न कळल्यामुळे पुष्कळांचा दोडका हुकतो. टोमॅटोला फक्त सकाळी दहाच्या सुमारास झुपक्याला टिचकी मारा.

जूनमध्ये मुसळधार सुरू झाली की मातीवरचं आच्छादन काढा, खत थांबवा (ते भोकातून वाहून जातं) आणि कुंड्या कडेपासून फूटभर आत ओढा. प्रत्येक भोकात एकदा काडी घाला. मुळांनी बुजलेली भोकं याच काळात झाडं मारतात. रोपवाटिकेत कोवळी रोपं बुंध्याशी बारीक होऊन कोलमडत असतील तर पाणी कमी करा आणि ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) दर लिटर पाण्यात ५ ग्रॅम कालवून मातीत ओता.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये. मोगऱ्याला डिसेंबरपासून पाण्याचा ताण, जानेवारीच्या अखेरीस छाटणी, मग खत आणि पाणी, मार्चपासून बहर. कुंडीतल्या मोठ्या झाडांना दर दोन वर्षांनी बाहेर काढून गड्ड्याच्या कडेची आणि तळाची एक चतुर्थांश मुळं धारदार सुरीनं उतरवा, नवं मिश्रण भरून त्याच कुंडीत बसवा. हे काम जून-जुलैत, ढगाळ दिवशी.

निघालेली जुनी माती टाकू नका. मुळं चाळून काढा, ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत चार इंचांच्या थरात बांधा आणि मेच्या उन्हात चार आठवडे ठेवा. मग तिच्यात तिसरा हिस्सा नवं खत, थोडं तूस आणि दर १० लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पेंड. टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली; ज्या मातीतून ती निघाली त्यात पुढच्या वेळी मेथी किंवा चवळी लावा.